किरणोपचार आणि आतडी : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

कुणी शेक म्हणतं, कुणी लाइट, कुणी रेडिएशन. ओटीपोटावर किरणोपचार घेतलेल्या बहुतेकांच्या आतड्यांना त्याची थोडीफार झळ बसतेच. कुणाची महिन्याभरात भरून येते, कुणाची वर्षानुवर्षं रेंगाळते. या विषयावर आलेल्या पत्रांत एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत पुनःपुन्हा भेटलं : ‘जीव वाचला, आता पोटाचं रडगाणं काय सांगायचं?’ सांगायचंच. यातल्या बऱ्याच तक्रारींवर उपाय आहेत. मात्र त्यासाठी ‘रेडिएशनमुळे असं होतंच’ या वाक्यावर थांबून चालत नाही.

प्रश्न : पत्नीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी २५ वेळा रेडिएशन आणि दर आठवड्याला सिसप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाचं सलाईन ठरलं आहे. तेराव्या रेडिएशननंतर जुलाब सुरू झाले, दिवसाला पाच-सहा वेळा. कर्करोग गर्भाशयात, मग आतडं का बिघडलं? चार-आठ दिवस रेडिएशन थांबवावं, असं घरचे म्हणतात.

उत्तर : आतडं बिघडलं, कारण ते वाटेत आहे. लहान आतड्याची वेटोळी ओटीपोटात गर्भाशयाच्या अगदी वर येऊन बसलेली असतात आणि मागे गुदाशय असतो. किरण गाठीपर्यंत जाताना यांच्यातूनही जातात. त्यात आतड्याचं अस्तर हे शरीरातल्या सर्वांत भराभर बदलणाऱ्या पेशींपैकी एक. अस्तरातल्या सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात आणि तीन ते पाच दिवसांत झडून जातात. विभाजन पावणाऱ्या पेशींवर किरणांचा मारा सर्वांत जास्त लागू पडतो. कर्करोग त्यामुळेच मरतो आणि हे खळगेही त्यामुळेच रिते होतात. जुन्या पेशी झडत राहतात, नव्या पुरेशा येत नाहीत, अन्नरस शोषणारे मखमली उंचवटे आखूड होतात.

हे पहिल्या दिवशी दिसत नाही. रोजची मात्रा साधारण १.८ ते २ ग्रे असते (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचं एकक). बेरीज २० ग्रेच्या आसपास गेली, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, की जुलाब, मुरडा, घाईची लागणं सुरू होतं. तेराव्या रेडिएशनला तुमच्या पत्नीची बेरीज २३ ते २६ ग्रे होते, म्हणजे वेळ अगदी जुळते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात त्रास सर्वाधिक असतो. उपचार संपल्यावर बहुतेकांचं पोट दोन ते सहा आठवड्यांत सावरतं. हा दुष्परिणाम किरणोपचारांइतकाच जुना आहे : क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा आणि त्यांच्यामुळे पोट बिघडल्याची पहिली नोंद डेव्हिड वॉल्श यांनी १८९७ मध्ये केली.

आता थांबवण्याबद्दल. आपल्या मनाने एकही दिवस चुकवू नका. या कर्करोगात बाहेरून दिलेलं आणि नंतर आतून दिलेलं रेडिएशन मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत पुरा व्हावा असं धरलं जातं. तो लांबला की गाठ पुन्हा उभारी धरण्याची शक्यता वाढते. जुलाब आटोक्यात ठेवायचे ते आराम पडावा म्हणून, आणि तितकंच उपचार वेळेत पुरा व्हावा म्हणूनही. थांबवायचंच असेल तर तो निर्णय किरणोपचारतज्ज्ञ घेतील.

औषधांत लोपेरामाइड पहिलं. डॉक्टरांना विचारून सुरुवातीला ४ मिलिग्रॅम, नंतर प्रत्येक पातळ शौचानंतर २ मिलिग्रॅम आणि २४ तासांत जास्तीत जास्त १६ मिलिग्रॅम. ताप असेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा पोट ताठ फुगलं असेल तर ही गोळी घ्यायची नाही. आधी कारण शोधायला हवं, कारण केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना आतड्यांचा संसर्गही असाच दिसतो.

पाण्याकडे मात्र गोळीहून जास्त लक्ष द्या. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवा. अर्ध्या पेल्यात अर्धं पाकीट टाकलं तर ते द्रावण जास्त तीव्र होतं आणि जुलाब वाढतात. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. प्रत्येक जुलाबानंतर पेलाभर, घोट घोट करत. तुमच्या पत्नीच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचं, कारण सिसप्लॅटिन मूत्रपिंडांना जड जातं. शरीर कोरडं पडलेलं असताना ते दिलं तर मूत्रपिंडं दुखावू शकतात. म्हणून सलाईनच्या आदल्या दिवशी जुलाब किती वेळा झाले, लघवी किती आणि कोणत्या रंगाची झाली, हे सांगायलाच हवं. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पाहूनच पुढचं सलाईन लावलं जातं. पोटात कळ आली म्हणून दुकानातून वेदनाशामक आणून देऊ नका. त्यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडांना आणखी त्रास देतात.

नेहमीपेक्षा सात किंवा त्याहून जास्त वेळा शौचाला होऊ लागलं, ताप आला, रक्त पडलं, पाणीही पोटात टिकेना, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. लोपेरामाइडला न जुमानणाऱ्या जुलाबांवर ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं असतात, पण ती दाखल करूनच.

प्रश्न : ओटीपोटावर रेडिएशन चालू झाल्यापासून वडिलांची भाजी, फळं, कोंड्याचं सगळं बंद केलं आहे. फक्त मऊ भात आणि दूध. तरी पोट बिघडलेलंच. आणखी काय बंद करू?

उत्तर : बंद करण्यासारखं दूधच आहे, आणि तेही काही दिवसांपुरतं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर आतड्याच्या उंचवट्यांच्या टोकावर असतं आणि टोकंच आधी झडतात. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते. गॅस, गुडगुड, पातळ शौच. एक ते दोन आठवडे दूध थांबवून फरक पडतो का पाहा. दही बहुतेकांना चालतं, कारण त्यातली बरीचशी साखर जिवाणूंनी आधीच वापरलेली असते. उपचार संपून महिना-दीड महिना झाला की थोडं थोडं दूध पुन्हा सुरू करून बघा. अनेकांना ते परत पचू लागतं.

तंतुमय पदार्थ सरसकट तोडण्याचा सल्ला फार रूढ आहे, पण त्याला आधार कमी. ओटीपोटाचे किरणोपचार घेणाऱ्या १६६ रुग्णांवरची एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात तंतुमय आहार वाढवणाऱ्यांच्या पोटाचा त्रास नेहमीचा आहार घेणाऱ्यांपेक्षा कमी निघाला, उपचारांच्या शेवटी आणि वर्षभरानंतरही. म्हणून वडिलांना साल-बिया काढलेली, शिजवून मऊ केलेली भाजी, केळं, साल काढलेलं सफरचंद द्यायला हरकत नाही. इसबगोल पाणी धरून ठेवतं आणि शौच घट्ट करतं; दिवसाला एक छोटा चमचा घालून सुरुवात करा, वर पाणी प्या. आतडं अरुंद झाल्याची शंका असलेल्यांनी मात्र इसबगोल आणि कोंडा दोन्ही टाळावेत.

तळलेलं, जास्त तेल-तुपाचं, तिखट, मद्य, कडक कॉफी आणि ‘साखरविरहित’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्या कमी करा. त्या गोळ्यांत सॉर्बिटॉल असतं आणि ते रेचकच आहे. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणं द्या. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर, एकाच वेळी करा. नुसत्या भातावर माणूस महिनाभर राहिला तर प्रथिनं कमी पडतात आणि आतड्याचं अस्तर भरून यायला प्रथिनंच लागतात. अंडी, मासे, सालीविना मऊ शिजवलेली डाळ यांपैकी जे पचतं ते रोज हवं.

जिवाणूंच्या कॅप्सूलबद्दल : लॅक्टोबॅसिलस असलेल्या प्रोबायोटिकचा जुलाब टाळण्यासाठी उपयोग होतो असं काही चाचण्यांत दिसलं आहे. पण पांढऱ्या पेशी खूप उतरलेल्या असताना जिवंत जिवाणू पोटात घालणं धोक्याचं ठरू शकतं, तेव्हा विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात प्लॅनिंगचं, म्हणजे किरणांची आखणी करण्यासाठीचं, सीटी स्कॅन आहे. आतडी वाचावीत म्हणून आधीच काय करता येईल?

उत्तर : बरंच काही, आणि त्यातला मोठा वाटा त्याच स्कॅनच्या दिवशी ठरतो. मूत्राशय भरलेला असला की तो फुग्यासारखा लहान आतडं वर ढकलतो आणि किरणांच्या वाटेतून बाजूला करतो. म्हणून बहुतेक ठिकाणी लघवी करून साधारण अर्धा लिटर पाणी पिऊन अर्धा ते पाऊण तास थांबायला सांगतात. नेमकं प्रमाण तुमच्या केंद्राचं पाळा. महत्त्वाचं हे, की स्कॅनच्या दिवशी जेवढं भरलेलं तेवढंच रोज भरलेलं असावं. आखणी भरल्या मूत्राशयावर आणि उपचार रिकाम्यावर झाला, तर आखणीत नसलेलं आतडं खाली येऊन माऱ्यात सापडतं. शेवटच्या आठवड्यांत लघवीची जळजळ सुरू होते आणि रुग्ण पाणी कमी पितात. चूक नेमकी तिथेच होते. थांबवत नसेल तर तंत्रज्ञांना सांगा. प्रोस्टेटच्या उपचारांत गुदाशय रिकामा असणंही तितकंच महत्त्वाचं; बद्धकोष्ठ असेल तर स्कॅनच्या आधीच त्यावर औषध घ्या.

तंत्राबद्दलही विचारा. किरणांची तीव्रता कोनाकोनातून बदलत आतड्याला वगळून जाणारं आयएमआरटी नावाचं तंत्र आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेणाऱ्या ३०० स्त्रियांवर पार्सर ही चाचणी झाली. तिचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की मध्यम ते तीव्र स्वरूपाचा आतड्यांचा उशिराचा त्रास तीन वर्षांत जुन्या त्रिमितीय पद्धतीत ४२.४ टक्के स्त्रियांना झाला, तर रोज प्रतिमा पाहून दिलेल्या आयएमआरटीत २१.१ टक्के. अर्धा. हा फरक फार मोठा आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारताना संकोच करू नका. आखणी करताना तज्ज्ञ आतड्याची मर्यादाही मोजतात. लहान आतड्याची वेटोळी वेगवेगळी आखली, तर १५ ग्रे किंवा अधिक मात्रा मिळणारा भाग १२० घनसेंटिमीटरच्या आत ठेवायचा, हा त्यातला एक सर्वमान्य आकडा.

पोटावर पूर्वी झालेली प्रत्येक शस्त्रक्रिया सांगा, चाळीस वर्षांपूर्वीचं ॲपेंडिक्ससुद्धा. जुन्या टाक्यांभोवती आतडं चिकटून बसलं असेल तर ते रोज जरासं सरकत नाही, तोच तुकडा दररोज मारा खातो. मधुमेह, रक्तदाब, रक्तवाहिन्यांचे आजार आणि आतड्यांचा जुना दाह हेही सांगा. तंबाखू आणि धूम्रपान आजच सोडा. उशिराचं नुकसान मुख्यतः बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्याने होतं आणि तंबाखू तेच काम वेगाने करते. सल्फासॅलझिन ही गोळी प्रतिबंधासाठी काही तज्ज्ञ देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर ती चालत नाही. तिच्याच नात्यातली मेसालझिन मात्र या कामी वापरू नये, तिने जुलाब वाढल्याचं आढळलं आहे.

प्रश्न : प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ३५ वेळा रेडिएशन घेऊन १४ महिने झाले. आता शौचाच्या वेळी लाल रक्त पडतं, दुखत काहीच नाही. मूळव्याध समजून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आहे. करून घेऊ का?

उत्तर : थांबा. शस्त्रक्रिया सुचवणाऱ्यांना रेडिएशनचा पूर्ण तपशील दाखवा आणि आधी दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी करून घ्या.

प्रोस्टेट गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला टेकून असतं, त्यामुळे त्या भिंतीला मोठी मात्रा मिळते. पुढच्या काही महिन्यांत तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आतून बुजत जातात. रक्त कमी पडलं की शरीर नव्या वाहिन्या फोडतं, पण त्या पातळ भिंतीच्या आणि वरवर पसरलेल्या असतात. घट्ट शौचाच्या घासण्यानेही त्या फुटतात. सहा महिने ते दीड वर्ष हा याचा नेहमीचा काळ, आणि तुम्ही बरोबर त्यात आहात. तरीही तपासणी हवीच. मूळव्याधही असू शकते आणि मोठ्या आतड्याची वेगळी गाठही, आणि वरून पाहून ते सांगता येत नाही.

तपासणी करणाऱ्याला एक गोष्ट ठामपणे सांगा : गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तपासणीसाठीचा तुकडा (बायोप्सी) गरजेशिवाय काढू नये. रक्तपुरवठा तुटलेल्या जागी तुकडा काढला तर जखम भरत नाही, चिघळते आणि कधीकधी गुदाशय व मूत्रमार्ग यांच्यात भोक पडतं. मूळव्याधीची शस्त्रक्रिया किंवा रबरबँड लावणं याच कारणाने धोक्याचं.

रक्त अधूनमधून थेंबभर पडत असेल आणि हिमोग्लोबिन टिकून असेल, तर बऱ्याचदा काहीच करावं लागत नाही. काळाबरोबर ते ओसरतं. शौच मऊ ठेवा, कुंथू नका. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, हृदयरोगतज्ज्ञांशी बोला.

रक्त जास्त असेल तर सुक्राल्फेटचा एनिमा हा साधा आणि चांगला उपाय. २ ग्रॅम सुक्राल्फेट ३० ते ५० मिलिलिटर कोमट पाण्यात नीट कालवून, मऊ नळीने, दिवसातून दोनदा, निदान चार आठवडे. घेतल्यावर अंथरुणात एकदा पूर्ण कूस फिरून औषध सगळीकडे पसरू द्यायचं आणि मग पालथं पडून राहायचं, कारण आजारी भिंत पुढची आहे. नेहमीसारखं डाव्या कुशीवर पडून राहिलं तर औषध हव्या त्या भिंतीवर टिकत नाही. याने बद्धकोष्ठ होऊ शकतं, तेवढं सांभाळा.

यानेही भागलं नाही तर दुर्बिणीतून आरगॉन वायूच्या साहाय्याने वाहिन्या जाळतात. त्याआधी आतडं रेचक पिऊन पूर्ण साफ करावं लागतं. नुसत्या एनिमावर भागवलं तर उरलेले ज्वलनशील वायू ठिणगीने पेट घेऊ शकतात. या उपचारातही जखम खोल जाण्याचा धोका असतो, म्हणून तो अनुभवी हातांनीच व्हावा. ४ टक्के फॉर्मालिन लावणं हा आणखी एक मार्ग. उच्च दाबाच्या कक्षात ऑक्सिजन घेण्याचा उपचार महागडा आणि लांबलचक, ३० ते ४० बैठकांचा. त्याबद्दलचा पुरावा परस्परविरोधी आहे : २००८ च्या चाचणीत फायदा दिसला, २०१६ च्या चाचणीत दिसला नाही. आम्ही तो पहिला उपाय म्हणून सुचवणार नाही.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या कर्करोगावर रेडिएशन झालं. कर्करोग बरा आहे. पण दिवसाला सात-आठ वेळा शौचाला होतं, रात्रीही उठावं लागतं. शौच पिवळसर, चिकट, पाणी टाकलं तरी न जाणारं. दुर्बीण तपासणी ‘नॉर्मल’. रेडिएशनचा परिणाम आहे, सहन करा, असं सांगितलं. मी प्रवास, लग्नकार्य सगळं सोडलं आहे.

उत्तर : ताई, सहन करू नका. ‘रेडिएशनचा परिणाम’ हे निदान नव्हे. त्याखाली चार-पाच वेगवेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. तुमच्या दुर्बिणीने मोठं आतडं पाहिलं. तुमची लक्षणं मात्र लहान आतड्याकडे बोट दाखवतात.

सर्वांत आधी पित्ताम्लांचा विचार करावा. यकृताने सोडलेल्या पित्ताम्लांपैकी सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागात परत शोषली जातात. हाच भाग ओटीपोटात खाली लोंबतो आणि मारा खातो. तो शोषेनासा झाला की पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे पाणी सुटायला लावतात. रात्री उठवणारी, घाईची, पिवळी, चिकट शौच हे त्याचं चित्र. त्यासाठीची खास तपासणी सगळीकडे होत नाही, म्हणून अनेकदा औषध देऊनच पाहतात. कोलेस्टिरामाइनची पूड पित्ताम्लांना बांधून टाकते. ४ ग्रॅमच्या एका पुडीने किंवा अर्ध्या पुडीने सुरुवात करून हळूहळू वाढवतात. ती इतर औषधांनाही बांधते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर घ्यायच्या. थायरॉइडच्या गोळीबाबत हे विसरलं तर थायरॉइड बिघडतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. जेवणातली चरबी कमी केल्यावर पुष्कळ फरक पडतो, फक्त ते आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करा.

दुसरी शक्यता लहान आतड्यात जिवाणू माजण्याची. आतड्याची हालचाल मंदावली की एरवी विरळ असणारे जिवाणू तिथे वाढतात. पोट फुगतं, दुर्गंधी वायू होतो. श्वासाच्या तपासणीने अंदाज येतो. रिफॅक्झिमिनसारख्या प्रतिजैविकाचा एक-दोन आठवड्यांचा कोर्स देतात, काहींना तो पुन्हा घ्यावा लागतो. दुधाची साखर न पचणं, थायरॉइड, सीलिॲक आजार (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा विकार) हेही तपासून घ्यावं. आणि औषधांची पिशवी बरोबर न्या : मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि मॅग्नेशियमयुक्त आम्लपित्ताची औषधं जुलाब लावतात, हे साधं कारण फार वेळा नजरेतून सुटतं.

जीवनसत्त्व बी-१२ तपासल्याशिवाय परत येऊ नका. तेही आतड्याच्या त्याच शेवटच्या भागात शोषलं जातं. यकृतातला साठा वर्षानुवर्षं पुरत असल्याने कमतरता उशिरा उघडी पडते, म्हणजे तुमच्यासारख्यांना याच सुमारास. पायांना मुंग्या, तोल जाणं, थकवा. शोषणच होत नसेल तर इंजेक्शन लागतं. सोबत लोह, फोलेट, ड जीवनसत्त्व पाहून घ्या.

अशी पायरीपायरीने कारणं शोधणारी पद्धत खरंच उपयोगी पडते का, हे २१८ रुग्णांवरच्या ऑर्बिट या चाचणीत तपासलं गेलं, २०१३ मध्ये निकाल आला. नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांपेक्षा या पद्धतीने तपासलेल्यांचा त्रास लक्षणीय कमी झाला, आणि प्रशिक्षित परिचारिकेने पायऱ्या पाळल्या तरी निकाल तज्ज्ञाइतकाच चांगला आला.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची वही न्या : किती वाजता, कशी, आधी काय खाल्लं, रात्री किती वेळा उठलात, कपडे खराब झाले का. शेवटचं सांगायला लाज वाटते म्हणून लिहूनच द्या. गुदद्वाराच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात. बाहेर पडण्याआधी किंवा जेवणाच्या अर्धा तास आधी लोपेरामाइड घेण्याची पद्धतही अनेकांना पुन्हा घराबाहेर काढते.

प्रश्न : रेडिएशन चालू असताना नातवंडांना जवळ घेतलं, एकच शौचालय वापरलं तर चालतं का?

उत्तर : यंत्राने बाहेरून दिलेले किरण शरीरात राहत नाहीत. खुशाल जवळ घ्या. किरणोत्सर्गी बिया कायमच्या बसवल्या असतील तर तेवढ्यापुरते वेगळे नियम असतात, ते रुग्णालय लिहून देतं. जुलाब संसर्गाचे असतील तर मात्र हात धुण्याची काळजी घ्या.

प्रश्न : रेडिएशनला आठ वर्षं झाली. वर्षभरापासून जेवल्यावर अर्ध्या तासाने पोटात पीळ पडतो, पोट फुगतं, दोनदा उलट्या होऊन दाखल व्हावं लागलं. कुणी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला सांगतं, कुणी शस्त्रक्रिया करा म्हणतं.

उत्तर : वर्णन आतडं अरुंद झाल्याचं आहे. बुजलेल्या रक्तवाहिन्यांभोवती आतड्याची भिंत जाड, ताठ आणि अरुंद होते. कॅप्सूल आत्ता नको. ती अरुंद जागी अडकली तर ज्या शस्त्रक्रियेचा विचार करायचा आहे, ती तातडीने करण्याची वेळ येते. आधी आतड्यांचं विशेष सीटी किंवा एमआरआय करून अरुंद जागा किती, कुठे आणि किती लांब हे पाहतात.

तोवर चोथा कमी असलेला आहार घ्या : सालं, बिया, कच्ची पालेभाजी, सुकामेवा, संत्र्याच्या फोडीवरची पातळ साल हे सगळं बंद. खूप चावून, थोडं थोडं, गरज पडली तर पातळ आहार. आधीच्या एका उत्तरात तंतुमय आहार चांगला म्हटलं ते तुम्हाला लागू नाही.

शस्त्रक्रिया कधी लागतेही, पण ती घाईने करायची नसते. किरण लागलेल्या आतड्याला टाके नीट धरत नाहीत, जोड गळण्याचा धोका जास्त असतो आणि वेटोळी एकमेकांना चिकटलेली असतात. म्हणून जोडताना निदान एक टोक किरणांच्या क्षेत्राबाहेरचं, निरोगी असावं असा प्रयत्न करतात. शस्त्रक्रियेआधी वजन आणि प्रथिनं भरून काढायला काही आठवडे दिले तर जखम चांगली भरते, आणि गरज पडल्यास हे पोषण शिरेतूनही देतात. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी अशी आतडी आधी हाताळलेली असावीत. हे त्यांना थेट विचारा. पोट ताठ फुगलं, वायूही सरेना, उलट्या थांबेनात किंवा ताप आला, तर तोंडाने काहीही न घेता तातडीने दाखल व्हा. रेडिएशनची जुनी कागदपत्रं, ज्यात एकूण ग्रे आणि क्षेत्राचा नकाशा असतो, ती सोबत असू द्या. जुन्या रुग्णालयातून त्याची प्रत आजच मागवून ठेवा.